सातपर्यंत

गुरुवारचा सहावा तास माझ्याकडं आला
कारण माझा पाय प्लास्टरात होता.
हेडसर म्हणाले, दुधाटे, बसल्या बसल्या हे घ्या.
एक फाइल, बारा पाठ,
नांदेडला दोन दिवसांचं प्रशिक्षण,
त्यातलं एक जेवण बरं होतं.

पाठ पहिला : नाही म्हणायच्या पाच तऱ्हा.
नववी ब नं सहावी शोधली तासाच्या आतच :
"आईचा फोन यायलाय म्हनायचं सर, अन् निघायचं."
मी ती फळ्यावर लिहिली.
फाइलीतल्या पाचांपेक्षा तीच खरी वाटत होती.

शाळेच्या मागं रेल्वेचे रिकामे क्वार्टर,
चौकटी कुणी काढून नेलेले.
तिथं सापडतात पंक्चरच्या सोल्युशनच्या ट्यूबा,
तळापासून गुंडाळत आणलेल्या,
काटकसरीच्या घरातल्या टूथपेस्टसारख्या.
आम्ही गेटापासून शंभर यार्ड मोजून पिवळी रेघ मारली.
पानटपरी एकशेचारवर सरकली.
टपरीवाल्यानं चहा पाजला, म्हणाला,
रेघ लई सरळ मारली सर.

पाठ पाचवा : राग आला तर दहापर्यंत मोजा.
अल्तमश मागच्या बाकावरून म्हणाला,
"दहापर्यंत मोजलं तर समोरचा तवर तीन ठिवून देतो."
वर्ग हसला. मीही हसलो,
मग मला माझा हात आठवला.
एकोणीस वर्षांत कितींच्या पाठीत गेला असेल,
मी तर कधी एकपर्यंतसुद्धा मोजलं नव्हतं.
कपाटात वेताची छडी आहे.
फेकली म्हणवत नाही.
स्टाफरूमचा पडदा लटकवलाय तिच्यावर.

मग छापील फॉर्म आले, नाव न लिहायचे.
गेल्या तीस दिवसांत तुम्ही, असा प्रश्न,
पुढं दोन चौकोन.
एक्केचाळीस पोरं, अडतीस नाही.
इतक्या सरळ रांगेत नाही
की कवायतीलाही कधी उभे राहिले नव्हते तसे.
एका फॉर्मच्या समासात पेन्सिलीनं :
घरात घेत्यात ते धरायचं का.

अक्षर मी ओळखलं.
ओळखायचं नव्हतं.
नांदेडच्या बाईंना फोन लावला,
त्या म्हणाल्या, समास मोजत नाहीत, सर.
आणि थोडं थांबून, पण तुम्ही पोराशी बोला.
मी दोनदा त्याच्या बाकापर्यंत गेलो
आणि दोनदा त्याची वही तपासून आलो.

जूनमध्ये अहवाल आला. टक्का चारनं खाली.
हार आला, पेढे आले.
सिद्धोधन त्या टक्क्यात नव्हता,
त्यानं दिवाळीतच शाळा सोडलेली,
आणि सोडलेल्यांना फॉर्म देत नाहीत.
तो मला सायडिंगला दिसतो कधीकधी.
हाक मारतो, "सर, पाय बरा हाय का?"
डोळे कुठल्या कुठं.

आणि त्या शनिवारचं सांगायचं राहिलं.
दोन नंबरच्या प्लॅटफॉर्मवर, अकोल्याची गाडी लागायच्या आधी,
दोन टोळकी समोरासमोर.
वाढदिवसाच्या केकवरून काहीतरी,
कुणाच्या स्टेटसवरून काहीतरी.
एकाच्या हातात घरपोच मागवलेला सुरा,
वेष्टनाची पट्टी अजून मुठीला चिकटलेली.
मी पुलावर, काठी टेकत, पायऱ्या संपत नव्हत्या.
वरून अल्तमश दिसला.
ओठ हलत होते त्याचे.
शिव्या असतील असं वाटलं,
पण शिव्या एवढ्या सावकाश देत नाही कुणी.
मग गाडी मध्ये आली.

सोमवारी तो वर्गात होता,
भुवईवर चार टाके.
सुरा लागला नाही, कडं लागलं होतं.
तास सुटल्यावर टेबलाजवळ घुटमळला.
"सर, सातपर्यंत गेल्तो."

मागच्या साली दोनवरच मारायचास, मी म्हणालो.
तो हसला, टाका ताणला गेला,
अम्मी गं म्हणत खाली बसला.
मी कपाट उघडलं, कापूस शोधायला,
आणि पडदा बाजूला करावा लागला.